भिंतीपलीकडची शाळा आणि चोवीसशे मीटरचा वळसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्याच्या कडेला धायरीत राहता. मुलीची शाळा सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे, सरळ रेषेत ३०० मीटरवर. पण गल्लीतून मुख्य रस्त्यावर, तिथून पुढच्या गल्लीत, असं करत रस्त्याने ते अंतर २.४ किलोमीटर होतं. रस्ता रुंद झाला की सुटेल, असं सगळे सांगतात. तुमचं आजोळ पुण्यातच, जुन्या आखीव वस्तीत, प्रभात रोडला. तिथे हा प्रकार नाही. मग शहर वाढलं की असं होणारच का, रुंदीकरणाने फरक पडेल का, आणि पुढचं घर घेताना काय बघायचं?

रुंदीकरणाने तुमचा वळसा एका मीटरनेही कमी होणार नाही. आज २.४ किलोमीटर आहे, रस्ता दुप्पट रुंद झाला तरी २.४ च राहील. तुमच्याकडे रस्ते कमी आहेत असंही नाही. ते एकमेकांना मिळत नाहीत, हे खरं दुखणं. यातला फरक ध्यानात आला नाही तर पाच वर्षं चुकीच्या मागणीमागे जातात.

आधी मोजायचं कसं ते बघू. रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर, हा वळशाचा गुणक. तुमच्या शाळेसाठी तो ८ आहे. चौकटीसारख्या आखलेल्या वस्तीत हा गुणक फार तर १.४१ पर्यंत जातो, सरासरी १.२७ च्या आसपास राहतो. हा साधा भूमितीचा हिशोब आहे. एकाच ठिकाणावरून मात्र निष्कर्ष काढू नका. शाळा, बसथांबा, दवाखाना, किराणा अशी चार ठिकाणं घ्या. चारांपैकी तिनांचा गुणक दोनच्या वर गेला तर दोष जोडणीचा. एकाचाच गेला तर मधे ओढा, कालवा किंवा एखादी आडमुठी भिंत असेल आणि उपाय त्या जागेपुरता आहे.

दुसरं मोजमाप चौकांचं. दर १०० मीटरवर आडवा-उभा रस्ता असेल तर एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण १०० चौक आणि २० किलोमीटर रस्ता बसतो. तेच अंतर २०० मीटर केलं की रस्ता निम्मा होतो, पण चौक उरतात २५. संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्था दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ता आणि ८० ते १०० चौक असावेत असं सुचवते. इथे एक फसगत होते. नुसती लांबी मोजली तर गुंठेवारीची, म्हणजे शेत गुंठ्यागुंठ्याने विकून झालेली वस्ती प्रभात रोडला सहज हरवेल. गल्ल्याच गल्ल्या असतात, पण प्रत्येक गल्ली एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला बंद. कंगव्याला दात कितीही असले तरी एका दातावरून दुसऱ्यावर जायचं तर मुठीपर्यंत यावंच लागतं.

हा कंगवा तयार कसा होतो? पुण्याच्या कडेच्या गावांत त्याचं उत्तर शेताच्या वाटणीत आहे. एक ठोकळ उदाहरण घ्या. ८० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब शेत, म्हणजे जवळपास चार एकर. वाटणीला चार भाऊ. प्रत्येकाला पुढे रस्ता हवा आणि मागे विहिरीपर्यंत पोचायला हवं, म्हणून शेत आडवं न कापता उभं कापतात. प्रत्येकाच्या वाट्याला २० मीटर बाय २०० मीटरचा पट्टा येतो. शेती करताना ही वाटणी अगदी शहाणपणाची असते. बांधावरून कोणीही कुठेही जातो. पुढे पट्टा विकायची वेळ येते. एका कडेने वीस फुटी, म्हणजे सहा मीटरचा रस्ता सोडला जातो. उरलेल्या १४ मीटर खोलीत सव्वासात मीटर रुंदीचा एकेक तुकडा पाडला की बरोबर एक गुंठा होतो. २०० मीटरमध्ये असे २७ गुंठे निघतात. चार भावांचे चार पट्टे, चार समांतर गल्ल्या, एकमेकींपासून २० मीटरवर, आणि मधे एकही आडवी वाट नाही. एका गल्लीच्या टोकाच्या घरातून शेजारच्या गल्लीच्या टोकाला जायचं तर २०० मीटर बाहेर, २० मीटर मुख्य रस्त्याने आणि परत २०० मीटर आत. सरळ अंतर २० मीटर, चालणं ४२० मीटर. गुणक २१.

शेवटाला एक सहा मीटरची आडवी गल्ली सोडली असती तर? प्रत्येक भावाची १४ गुणिले ६, म्हणजे ८४ चौरस मीटर जागा गेली असती. पुरता एक गुंठाही नाही. पण ज्याने ती सोडली त्याचा फायदा बाकी तिघांना आणि नुकसान एकट्याला, म्हणून कोणीच सोडत नाही. यात कोणाचा लबाडपणा नाही. चौघांना एका टेबलाशी बसवणारं कोणी नव्हतं, एवढंच.

(जाता जाता: गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ३३ फूट ही मोजणीची जुनी साखळी, सोळा आण्यांची. गावनकाशातली पाऊलवाट सव्वाआठ फुटांची, म्हणजे पाव साखळी. गाडीवाट साडेसोळा फुटांपासून, म्हणजे अर्धी साखळी. आजच्या कितीतरी गल्ल्यांची रुंदी बैलगाडीच्या त्या अर्ध्या साखळीतून आलेली आहे.)

प्रभात रोडला कोणीतरी टेबल मांडलं होतं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजना ही पद्धत आणली. तिच्यात सगळ्यांच्या जमिनी आधी कागदावर एकत्र करतात, बांध पुसतात, रस्ते, बागा आणि शाळांची जागा काढून घेतात आणि उरलेली जमीन प्रत्येकाला परत देतात. मिळते ती आधीपेक्षा लहान, पण चौकोनी आणि रस्त्याला लागून. एरंडवण्यातल्या आणि शिवाजीनगरातल्या पत्त्यांत अजूनही ‘फायनल प्लॉट’ नंबर दिसतो, तो या पद्धतीचाच. तुमच्याकडच्या पत्त्यात सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा असेल. पत्ता वाचूनच वस्तीचा सांगाडा बराचसा ओळखता येतो. जुन्या पुण्यातल्या पेठांची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक भागांत अशी आखणी झाली नव्हती, पण चालत्या माणसांचं शहर असल्यामुळे बोळातून बोळ निघाले. रस्ते अरुंद, वळणांचे, तरी जोडलेले. म्हणजे आखीव असणं आणि जोडलेलं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग ही पद्धत पुढे का सुटली? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात ती आहे, पण पुण्याने भर दिला विकास आराखड्यावर. आराखड्यात १८, २४, ३० मीटरचे मोठे रस्ते रेघेने दाखवतात आणि जमीन एकेका मालकाकडून मिळवायची असते. त्या रेघांच्या मधला ९ आणि १२ मीटरच्या रस्त्यांचा थर ज्याच्या-त्याच्या लेआउटवर सोडलेला असतो. माझ्या मते गाडी नेमकी इथे अडते. मोठ्या रस्त्यांबद्दल पेपरात बातम्या येतात. मधल्या थराला वाली नसतो. बांधकामाच्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीत शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालावा असं कलम आहे. पण शेजारी अजून शेतच असेल तर मेळ घालायचा कशाशी? पहिला बिल्डर रस्ता हद्दीच्या दहा मीटर अलीकडे संपवतो आणि उरलेल्या जागेत बाग करतो. दुसरा आला की त्याला समोर बागेची भिंत दिसते, मग तोही पाठ फिरवून बांधतो.

त्यात क्रम उलटा. आधी बांधकाम, मग हद्दवाढ, शेवटी आराखडा. पुणे महापालिकेत १९९७ ला आलेल्या गावांपैकी २३ राहिली, २०१७ ला ११ आली आणि २०२१ ला आणखी २३. धायरी २०१७ च्या यादीत, शेजारचं नऱ्हे २०२१ च्या. महापालिका आली तेव्हा गुंठे विकून, घरं बांधून झाली होती. आखायला मोकळी जमीनच नाही, तर नकाशावर रेघ मारता येते, रस्ता मारता येत नाही. मोबदल्याचा डोंगर किती, ते कात्रज-कोंढवा रस्त्यावर दिसलं. ८४ मीटर ठरवलेली रुंदी जमीन मिळेना म्हणून ५० मीटरवर आणावी लागली.

दुसरं कारण भिंतींचं. २० एकरांची बंदिस्त सोसायटी म्हणजे साधारण २८५ मीटर बाजूचा चौकोन, त्याला वळसा घालता येतो. १०० एकरांची झाली की बाजू ६३५ मीटर. ४०० एकरांची टाउनशिप पूर्ण बंद ठेवली तर बाजू सव्वा किलोमीटर भरते. मगरपट्टा ही हडपसरची टाउनशिप मुळात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारली, म्हणजे चार भावांना टेबलाशी बसवण्याचं काम त्यांनी स्वतःच केलं आणि आतले रस्ते नीट जमले. अशा टाउनशिपमध्ये एकच बघायचं: फाटकं किती, कोणत्या बाजूंना आणि बाहेरच्याला चालत आरपार जाऊ देतात का. आतली रचना उत्तम असूनही भोवतालच्या गावासाठी तो एक मोठा दगड ठरू शकतो.

‘शहर वाढलं की होणारच’ याबद्दल. नाही. अमेरिकेत रस्त्यांचा तुटकपणा विसाव्या शतकभर वाढत गेला, १९९० च्या दशकाच्या मध्याला टोक गाठलं आणि पुढे नव्या वस्त्यांत तो उतरू लागला. अहमदाबादने नगररचना योजनेची पद्धत सोडली नाही, त्यामुळे तिथे कडेच्या वाढीलाही बऱ्यापैकी सांगाडा मिळाला. आपल्याकडे माण-म्हाळुंगेत ती पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, पुन्हा हातात घेतली आहे. अमेरिकेतला पसारा आणि आपला पसारा यांची मात्र गल्लत नको. तिथे विरळ बंगले आणि लांब रस्ते. इथे नऊ मीटरच्या बंद गल्लीवर बारा मजले. दाटी पेठेची आणि सांगाडा शेताचा. विरळ वस्तीत बंद गल्ली खपून जाते, दाट वस्तीत ती तुंबते.

कशी तुंबते ते आकड्यांत बघा. एका गल्लीत पाच सोसायट्या, प्रत्येकी १२० सदनिका. सकाळच्या एका तासात निम्म्या घरांतून एकेक वाहन निघालं तरी ३००. वाहतुकीच्या हिशोबात दुचाकी अर्धी ते पाऊण मोटार धरतात, म्हणून ते सव्वादोनशे मोटारींएवढं समजा. मुख्य रस्त्यावर अशा दहा गल्ल्या उतरल्या की सव्वादोन हजार. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक आकड्यांत दोनपदरी दुतर्फा मुख्य रस्त्याला दोन्ही दिशा मिळून तासाला १५०० मोटारी धरलेल्या आहेत. शाळेत सोडणं, भाजी, दवाखाना या ज्या फेऱ्या आतल्या आत मिटायला हव्यात, त्याही सगळ्या मुख्य रस्त्यावर येऊन परत आत वळतात. रुंदीकरणाने मधला भाग मोकळा होतो, पण गाड्या अडतात तोंडाशी, जिथे उजवीकडे वळायचं असतं. म्हणून रुंद केलेला रस्ता काही वर्षांत पुन्हा तसाच दिसतो. बसचंही तेच. बंद गल्लीत बस शिरली तर वळणार कुठे? ती मुख्य रस्त्यावरच धावते, थांबा घरापासून लांब पडतो आणि घरटी आणखी एक स्कूटर येते.

पुढे करायचं काय हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. धायरीला उत्तरेकडे मुठा नदी, अलीकडे तिचा उजवा कालवा आणि पूर्वेला बाह्यवळण महामार्ग. ही बंधनं गल्लीतल्या लोकांनी मागून सुटणारी नाहीत. तिथे पूल आणि भुयारी मार्ग किती अंतरावर आहेत, तोच प्रश्न. पण तुमचे ३०० मीटर त्यात येत नसतील, तर भिंतीपाशी नेमकं काय आहे ते शोधायला हवं. त्यासाठी चार कागद लागतात: दोन्ही बाजूंचे सातबारा, जुना गावनकाशा, महापालिकेच्या आराखड्याचा तुमच्या सर्व्हे नंबरापुरता भाग नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांचे मंजूर लेआउट. शेवटचे मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा.

आराखड्यातला रस्ता तिथून जात असून ताब्यात आलेला नसेल, तर तो ‘मिसिंग लिंक’. मागणी पूर्ण रस्त्याची न करता त्या तेवढ्या मीटरच्या भूसंपादनाची करा, सर्व्हे नंबर आणि मालकांच्या संख्येसह. मंजूर लेआउटमध्ये रस्ता हद्दीपर्यंत दाखवला असून प्रत्यक्षात भिंत असेल, तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. बांधकाम विभागाकडे मंजूर नकाशाशी विसंगती म्हणून तक्रार होते. गावनकाशात जुनी वाट असेल तर सांभाळून. तहसीलदाराकडचे मार्ग, म्हणजे जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करायचा मामलेदार न्यायालय कायद्याचा अर्ज, हे शेतजमिनीसाठी आहेत. जमीन बिनशेती झाली की वहिवाटीचा हक्क दिवाणी कोर्टात शाबीत करावा लागतो, वीस वर्षांच्या अखंड वापराच्या पुराव्यासह. आणि कागदावर काहीच नसेल तर ती निव्वळ खासगी जागा. तिथे हक्क नाही, बोलणीच आहेत.

बोलणी करताना मोटारीचा रस्ता मागू नका. फक्त चालण्याची वाट मागा. ३०० मीटर चालायला चार मिनिटं लागतात. शाळेची मुलं पायी जाऊ लागली की वळशाचा बहुतेक त्रास तिथेच संपतो. समोरच्या सोसायटीची भीती खोटी नसते: दुचाक्या घुसतील, चोऱ्या होतील, देखभाल आमच्या डोक्यावर. म्हणून शाळेच्या वेळेपुरतं उघडणारं फाटक, दिवा आणि झाडलोटीचा खर्च निम्मा-निम्मा, हे आधी लिहून न्या. वाटेची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर ठेवा. तोंडाशी खांब रोवले की झालं असं समजू नका. चाकाची खुर्ची जायला साधारण एक मीटर मोकळं लागतं आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. दोन कठडे पुढे-मागे लावून वाट दोनदा काटकोनात वळवली तर स्कूटरवाला कंटाळतो, पण खुर्ची वळण्याइतकी जागा दोन कठड्यांमध्ये हवी.

सगळ्यात जास्त बेत फसतात ते पातळीवर. तुमच्या भागात उतार आहे आणि प्रत्येकाने आपापला भराव घातलेला असतो. भिंतीच्या दोन बाजूंत दीड मीटरचा फरक सहज निघतो. एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर त्याला १८ मीटर लांबी लागते, आणि ती जागा बहुधा कोणाच्या तरी पार्किंगमध्ये जाते. भिंतीखालून पावसाचं पाणी जात असेल तर दार पाडल्यावर ते कोणाच्या आवारात उतरेल हेही बघा. बैठकीला जाण्याआधी पाण्याच्या नळीने दोन्ही बाजूंची पातळी मोजून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक धोकाही सांगतो. पूर्ण परिसरात वाहनांसाठी एकच जोड उघडली तर मुख्य रस्त्याची सगळी गर्दी तिच्यातून पळवाट काढते आणि नऊ मीटरची गल्ली म्हणजे दुसरा तुंबलेला सिंहगड रस्ता होते. मग लोक म्हणतात, जोडणीच वाईट. दीड-दोनशे मीटरवर चार-पाच जोडण्या एकदम झाल्या तर गर्दी विभागते. तेवढं जमणार नसेल तर वाहनांना बंद आणि पायी उघडं हेच ठेवा.

नवं घर बघताना दिखाऊ फ्लॅटमध्ये वेळ घालवण्याआधी सोसायटीच्या पुढची गल्ली शेवटपर्यंत चालत जा. शेवटी मोकळं शेत आणि तार असेल तर भाग नकाशा काढून आराखड्यात तिथे काय आहे ते बघा. बिल्डरने माहितीपत्रकात रंगवलेला ‘प्रस्तावित रस्ता’ धरू नका. शेवटी भिंत असेल तर वाकून पलीकडे बघा, रस्ता आहे की कोणाची खोली. खोली असेल तर ती गल्ली कायमची बंद समजा आणि सकाळी साडेआठला तिच्या तोंडाशी पंधरा मिनिटं उभं राहून किती गाड्या बाहेर पडतात ते मोजा. मग किंमत बोला.